एका डोळ्याचा मेंढपाळ

ज्या कादंबरीवर मी एम.ए.चा लघुप्रबंध लिहिला आणि पुढे जी कितीतरी वर्षं वर्गात शिकवली, तिचं नाव मी इथे देणार नाही. तिच्यावर माझा राग आहे, आणि तिच्या लेखकाला तो कधी कळणार नाही. बिचाऱ्याने परदेशातल्या एका मोडकळीला आलेल्या बंदराच्या गावाची गोष्ट लिहिली होती आणि तिथल्या साध्यासुध्या माणसांच्या मागे ग्रीक पुराणातली माणसं उभी केली होती. दिवसभर लिफ्ट वरखाली करणारा म्हातारा म्हणजे सिसिफस. डोंगरावर धोंडा ढकलत न्यायचा आणि तो गडगडत खाली आला की पुन्हा न्यायचा, अशी देवांनी शिक्षा दिलेला. मिठाईच्या दुकानात बसणारी मधुमेही मालकीण म्हणजे टँटलस. हा गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून तहानेने तळमळणारा. आणि गोदामाचा एका डोळ्याचा रखवालदार, जो गोदामामागे चार शेरडं बाळगून होता, तो पॉलिफेमस, म्हणजे बेटावरच्या गुहेत मेंढरं राखणारा एकडोळ्या राक्षस. आमच्या मार्गदर्शक सरांनी मला विषय दिला, ‘आधुनिक कादंबरीतील ग्रीक पुराणपात्रांचे महत्त्व’. धनगराची पोर परदेशातल्या देवादिकांवर लिहिणार म्हणून आईने बिरोबापुढे नारळ फोडला. कुठल्या देवासाठी कुठल्या देवापुढे, हे तिने विचारलं नाही.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, पण मला कळायला लागलं तेव्हा सोलापूरच्या अंगाला, कुंभारीत राहत होतो. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे कडुनिंब, मागे मेंढरांची वाघूर. वाघूर म्हणजे सुताच्या जाळीचं कुंपण. खुंट्या ठोकायच्या, जाळी ताणायची, की झाला मेंढरांचा वाडा. घरात सगळीकडे लोकर. आई बोलता बोलता चातीवर सूत काढायची, त्यामुळे भाकरीतसुद्धा एखादा काळा केस निघायचा आणि कोणी त्याबद्दल बोलायचं नाही. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, थंडीत हुलग्याचं माडगं, आणि मेंढी व्यायली की खरवस. कॉलेजात मुली डबा उघडून बसल्या की मी माझा डबा जरा उशिराच उघडायची. माडग्याची लाज वाटायची, असं आज सरळच लिहिते. आता तेच माडगं कुठल्याशा हॉटेलात बोलावून बोलावून खायला लावतात आणि माझी सून त्याचा फोटो काढते.

त्या घरातला सगळ्यात मोठा आवाज सांजेचा. दिवसभर कोंडलेली कोकरं आणि चरून आलेल्या त्यांच्या आया समोरासमोर आल्या की असा कालवा उठायचा की शेजारची बाई चुलीपुढून शिव्या द्यायची. एवढ्या गोंधळात एकेक कोकरू नेमकं आपल्या आईच्या कासेला लागायचं. आबा वाघरीच्या तोंडाशी धोंड्यावर बसलेले असायचे. तोंड मुद्दाम अरुंद ठेवलेलं, एका वेळी एकच मेंढरू आत जाईल इतकं. प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून ते नाव घ्यायचे. “काळमुखी... भोरी... तुटक्या... लांबकानी...” साऱ्यांची नावं झाली की जाळी बांधून घ्यायचे आणि मगच हात धुऊन जेवायला यायचे. आबांना एकच डोळा होता. पाला तोडताना बाभळीचा काटा गेला होता, माझ्या जन्माच्या आधी. गावात त्यांना मागून काणा म्हणत. वर्गात सरांनी त्या एकडोळ्या रखवालदाराचं वर्णन वाचलं तेव्हा सगळे हसले, आणि मीही हसले. मोठ्याने हसले, कारण शेजारची मैत्रीण माझ्याकडे बघत होती.

मी शेवटच्या वर्षाला होते त्या हिवाळ्यात आबांचा दुसराही डोळा गेला. काचबिंदू. सोलापूरच्या दवाखान्यात त्यांना पंधरा दिवस ठेवलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टर म्हणाले की उशीर झालाय. आई तिथेच खाटेच्या पायथ्याशी होती. मी कॉलेज सुटलं की जायची. माझा मोठा भाऊ, अण्णा, कापडगिरणीत पाळीवर होता. त्याच्या जिवावर घर चालत होतं, हे त्याच्या बाजूने आधी सांगितलं पाहिजे. मेंढरांकडे बघणारं कोणी नव्हतं. जिथे आबा चारायचे तिथल्या पडीक जमिनीवर तारा आणि सिमेंटचे खांब आले होते. चौदाव्या दिवशी मी घरी आले तर वाघूर लुळी पडल्यासारखी दिसली. चव्वेचाळीसातली अकरा मेंढरं कोपऱ्यात गोळा होऊन उभी होती, कोकरू एकही नव्हतं.

“टेम्पो आल्ता, बाकीची इकली,” अण्णा म्हणाला. तो दारात बसून पायाची बोटं मोडत होता. “मी काय करू? रानात कोण नेणार? तू नेणार हायस का?”

“आबांना काय सांगायचं?”

“त्येच म्हंतोय की. म्हातारा ऐकून जागीच मरंल. उद्या घरी येतोय.”

अण्णा वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यापासून लपवायला तो बोटं मोडत होता. पण पुढचं पाप त्याचं नाही, माझं आहे. त्या आठवड्यात मी पॉलिफेमसचं प्रकरण वाचत होते. ग्रीकांचा तो धूर्त वीर आणि त्याचे सोबती राक्षसाच्या गुहेत अडकतात. राक्षस एकेकाला खायला लागतो, तेव्हा ते तापलेला ओंडका त्याच्या एकुलत्या डोळ्यात खुपसतात. सकाळी आंधळा राक्षस गुहेच्या तोंडाशी बसतो आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेंढराची पाठ चाचपतो. माणसं एडक्यांच्या पोटाखाली लटकून निसटतात. कादंबरीतला हुशार नायकही असाच रखवालदाराच्या डोळ्याला फसवून गोदामातून पसार होतो. “बुद्धीचा पशुबळावर विजय,” असं मी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी अण्णाला म्हणाले, “आबा पाठच चाचपतात ना? मग तीच मेंढरं फिरवून फिरवून पुढं आणायची. चार फेऱ्या केल्या की चव्वेचाळीस.” अण्णा माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “शिकलीस बघ!” आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सांजेला आबांना कडुनिंबाखाली बसवलं, पण ते ऐकेनात. “मला तोंडाशी न्या.” आईने हाताला धरून धोंड्यावर बसवलं. आईला आम्ही सांगितलं होतं. ती म्हणाली, “तुमचं तुमी बघा,” आणि चुलीकडे गेली. अण्णाने वाघरीची मागची जाळी खाली पाडली होती. पुढून आत गेलेलं मेंढरू मागून बाहेर निघे, घायपाताच्या आडून मी त्याला हाकत पुन्हा पुढे आणी. आबांचा हात पाठीवर पडे. पहिल्या अकरांना त्यांनी बरोबर नावं दिली. बारावं मेंढरू, म्हणजे पुन्हा पहिलंच, आलं तेव्हा त्यांचा हात त्याच्या पाठीवर जरा जास्त वेळ राहिला. मग आबा म्हणाले, “लांबकानी.” लांबकानी टेम्पोतून गेली होती. त्यापुढे एकेक करत त्यांनी तेहतीस गेलेल्या मेंढरांची नावं घेतली, एकही चुकलं नाही, आणि जाळी बांधायला हात पुढे केला. अण्णाने मागून मला अंगठा वर करून जमल्याची खूण केली.

मग हे रोजचं झालं. अण्णाची पाळी असली की आई मागची जाळी सोडायची. मेंढरांना सवय लागली, ती आपणहून फेऱ्या घ्यायला लागली. सकाळी आबांना कळू नये म्हणून मी मेंढरांना लवकरच बाहेर काढायची. शेजाऱ्याचा म्हातारा आपल्या शेरडांबरोबर त्यांना ओढ्याला नेई. आबा दिवसभर कडुनिंबाखाली बसत आणि मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याजवळ बसून लघुप्रबंध लिहीत असे. त्यांना गोष्टींचा नाद होता. “काय चाललंय तुज्या देवांचं?” असं विचारायचे, आणि मी सांगायची. धोंडा ढकलणाऱ्याची गोष्ट ऐकून म्हणाले, “ह्याला शिक्षा म्हंत्यात व्हय? मंग रोज मेंढरं न्यायची आन रोज आणायची ह्याला काय म्हंत्यात?” तहानलेल्याबद्दल म्हणाले, “त्याला म्हणावं, उन्हाळ्यात सांगोल्याकडं ये. गळ्याइतकं पाणी बघायला तरी मिळतंय म्हणून नशीब काढलंस.” मी हसत असे आणि त्यातलं काही वहीत घेत नसे. आज ती वही समोर आहे आणि तिच्यात तळटिपा सोडून काही वाचण्यासारखं नाही.

एका रविवारी, आई शेंगा भाजत होती आणि अंगणभर तो वास होता, तेव्हा आबांनी विचारलं, “हिरे, तुज्या त्या बुकात मेंढरं राखणारा कुणी न्हाय का गं? समदं राजं आन देवच?”

मी नाही म्हणू शकले असते. दोन महिने रोज सांजेला त्यांच्याशी खोटं वागत होते, आणखी एक ‘नाही’ जड नव्हतं. पण पुस्तकाबद्दल खोटं बोलायला माझी जीभ वळेना. अभ्यासाचा असा कसला अभिमान होता मला कोण जाणे. मी सांगितलं. गुहा, एक डोळा, तापलेला ओंडका, सारं सांगितलं. आईने शेंगा हलवायचं थांबवलं. गुहेच्या तोंडाशी बसून मेंढरांच्या पाठी चाचपतो इथे आले तेव्हा थांबावंसं वाटलं, पण थांबणं जास्त वाईट दिसलं असतं, म्हणून शेवटपर्यंत गेले.

आबांनी सारं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ल्हिनाऱ्यानं मेंढरं राखल्याली न्हाईत.”

“का?”

“अगं, डोळा गेला त्याचा, कान गेलं व्हतं का? नाक गेलं व्हतं का? मान्साचा वास मेंढराच्या वासात लपतोय व्हय? आन एवढा गडी पोटाला लोंबकाळल्यावर एडका सरळ चालतोय? त्याचं पाऊल पडतं ते वजन ऐकू येतंय. पाठीवर हात ठिवला की आतला धपापा लागतोय हाताला.” त्यांनी हात पुढे करून हवेतच कशावर तरी टेकवला. “त्याला कळलं असंल.”

“मग त्यानं धरलं का नाही?”

“धरून काय करायचं? डोळा परत येतोय व्हय?” आबा हळू बोलत होते, रागाचा लवलेश नव्हता. “त्याला वाटलं असंल, चालू दे. समजत न्हाय असं दावलं की निदान मेंढरं तरी हाताखालनं जात्यात. बोललो तर तेबी बंद व्हायचं.”

आईने शेंगांची कढई खाली ठेवली आणि घरात गेली. मी वहीकडे बघत बसले. कानांबद्दल ते बोलले ते मला तेव्हाच कळलं. सांजेचा तो मोठा कालवा दोन महिन्यांपासून नव्हताच. बारावं मेंढरू पुढे आलं तेव्हा कुठल्याही कोकराने आईला हाक दिली नव्हती. पंधरा दिवसांनी घरी आलेल्या माणसाला, अंगणात पाय ठेवल्याबरोबर कळलं असणार. आम्ही फक्त हात फसवायचा विचार केला होता, कारण पुस्तकात फक्त हात होता. आणि त्यांनी आमच्यासाठी तेहतीस नावं घेतली होती, रोज, न चुकता. हे लक्षात आलं तेव्हा मला तिथून उठून कुठेतरी पळून जावंसं वाटलं. मी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. सर सज्जन होते, त्यांनी चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. आमची मेंढरं मी त्यात घातली नाहीत. मी फक्त म्हणाले की त्या आंधळ्याला कळलं होतं आणि त्याने जाऊ दिलं, असा अर्थ लावता येईल का? मग रखवालदाराचाही अर्थ बदलतो, सगळ्या कादंबरीचाच बदलतो. सरांचे डोळे चमकले. “फार सुंदर! कोणाच्या ग्रंथात आहे?” मी म्हणाले, आमचे आबा म्हणतात. सर हसले, त्यात कुचेष्टा नव्हती. “अहो, वडिलांना संदर्भसूचीत कुठं बसवणार? परीक्षक बाहेरचे आहेत. आधार नसेल तर उगाच जोखीम घेऊ नका.” मीही हो म्हणाले. मला पहिला वर्ग हवा होता, आणि मास्तरकी हवी होती, आणि पत्र्याच्या त्या घरातून सुटायचं होतं. मी लिहिलं, “एकाक्ष मेंढपाळ हा असंस्कृत, एकांगी, सहज फसवल्या जाणाऱ्या पाशवी शक्तीचे प्रतीक आहे.” पुढे प्राध्यापक झाल्यावर हेच वाक्य मी वर्गाला सांगत गेले. मुलं ते उत्तरपत्रिकेत जसंच्या तसं उतरवत आणि मी त्यांना पुरे गुण देत असे. एकदाच एका मुलीने विचारलं होतं, “मॅडम, त्या मेंढरांचं पुढं काय झालं?” मी तिला, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असं सांगून खाली बसवलं.

त्या रविवारनंतर मी रोज ठरवत होते की आबांना सांगायचं. आज प्रबंध टंकायला द्यायचाय, उद्या. आज अण्णाची पाळी आहे, उद्या. त्या वेळेस मला भीती कशाची होती? त्यांना तर माहीत होतंच. भीती याचीच होती, की एकदा तोंडाने बोललं म्हणजे ते घडलं असं होईल, आणि मग मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागेल. आंधळ्या माणसाच्या तोंडाकडे बघायची मला भीती वाटत होती. या वयातही त्याहून बरं कारण मला सापडलेलं नाही.

प्रबंध दिला त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आले. आबांनी पेढा तोंडात धरला, “ग्वाड हाय,” म्हणाले. सांज झाली. अण्णा कामावर होता, आई मागे जाळी सोडायला गेली. मी हाकायला निघाले तर आबांनी माझा हात धरला.

“तू हितंच बस. माज्यापाशी.”

मी धोंड्याशेजारी उकिडवी बसले. अकरा मेंढरं समोरून आली. आबांनी सगळ्यांची नावं घेतली. मग फेरी वळवायला मागे मी नव्हते, म्हणून वेळ गेला. घायपाताच्या आडून आईचं दबकं हाकणं ऐकू येत होतं. ते मला ऐकू येत होतं म्हणजे आबांना तर येतच असणार. त्यांचा हात वाघरीच्या रिकाम्या तोंडावर तसाच पसरलेला होता.

“हिरे,” आबा म्हणाले. असं हळू की आईला जाणार नाही. “कुणी काय बोलत न्हाय. मी बी कुणाला काय म्हणणार न्हाय. आता तू शिकल्याली हायस, तुला इचारतो. किती हायत?”

त्याहून सोपा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारलेला नाही. उत्तर समोर, जाळीच्या पलीकडे, गोळा होऊन उभं होतं. त्यांनी दार पुरतं उघडून ठेवलं होतं, मला फक्त आत यायचं होतं. माझ्या तोंडात पेढ्याची चव होती.

“समदी हायत की, आबा,” मी म्हणाले. “चव्वेचाळीस.”

त्यांनी माझा हात सोडला. “बरं,” म्हणाले. मग हात टेकून उठले, भिंतीच्या आधाराने एकटेच घरात गेले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. जाळी त्या दिवशी मी बांधली.

त्यानंतर आबा वाघरीच्या तोंडाशी कधीच बसले नाहीत. पावसाळ्याआधी गेले, आणि तोवर त्यांनी एकाही मेंढराचं नाव घेतलं नाही. आजपासून आबा तोंडाशी बसणार नाहीत, असं मी त्या सांजेनंतर दुसऱ्याच दिवशी अण्णाला सांगितलं तेव्हा तो मटकन खाली बसला आणि म्हणाला, “सुटलो बाबा.” मलाही हायसं वाटलं होतं.